मोरुंबीच्या टेकडीवरील काचेचे घर

माझे वडील गवंडी आहेत. त्यांची अक्षरओळख बेताचीच. पण घराचा नकाशा पुढे ठेवला की ते तो घडाघडा वाचतात. खांब कुठे, दार कुठे, जिना कोणत्या अंगाला वळतो, हे त्यांना मी पुस्तक वाचते त्याहून लवकर कळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ग्रंथालयातून मी कोणतेही पुस्तक घरी आणले की अण्णा ते हातात घेतात, चाळतात आणि चित्रे असली तर निरखून पाहतात.

दिवाळीच्या सुटीत वास्तुकलेवरचे एक जाड इंग्रजी पुस्तक मी घरी नेले होते. त्यात एका घराचे छायाचित्र होते. टेकडीच्या उतारावर, काठीसारख्या बारीक खांबांवर तोललेले आणि समोरून नुसती काच असलेले घर! मी त्या चित्रावरून वेडी झाले होते. शब्दकोश जवळ घेऊन त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचून काढला होता. अण्णांनी चित्र पाहिले, मग शेजारच्या पानावरचा नकाशा पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी नकाशाच्या मागच्या भागावर बोट ठेवले आणि म्हणाले, की पुढे काच आहे खरी, पण मागे सगळी बांधीव भिंत आहे. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे या ज्या ओळीने लहान खोल्या आहेत, त्या नोकरमाणसांच्या असणार.

मी मजकूर पुन्हा वाचला. अण्णांचे बरोबर होते.

ते घर ब्राझील देशातील साओ पाउलो शहरात, मोरुंबी नावाच्या श्रीमंत वस्तीत आहे. ते बांधणाऱ्या बाईंचे नाव लीना बो बार्दी. जगातील वास्तुकला शिकणारे विद्यार्थी आज त्यांचे नाव आदराने घेतात. अण्णांच्या त्या बोटामुळे लीनाबाईंचे चरित्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि त्यांच्याबरोबर त्या वस्तीचेही. ते दोन्ही या लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

लीनाबाईंचा जन्म 5 डिसेंबर 1914 रोजी इटलीत, रोम शहरात झाला. ज्या काळात मुलीने घरे सजवावीत पण बांधू नयेत असे समजले जाई, त्या काळात त्यांनी रोमच्या विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि 1939 मध्ये पदवी मिळवली. पुढे त्या मिलान शहरी गेल्या. पण तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. घरे बांधण्याची कामे थांबली. लीनाबाई मासिकांतून लिहू लागल्या, चित्रे काढू लागल्या. 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात त्यांची कचेरी जमीनदोस्त झाली. बांधायला शिकलेल्या या तरुणीला उमेदीच्या वर्षांत पाहावे लागले ते पाडकामच!

युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्यांचा विवाह पिएत्रो मारिया बार्दी यांच्याशी झाला. बार्दी हे चित्रांचे जाणकार आणि पत्रकार. त्याच वर्षी ते दोघे बोटीने ब्राझीलला आले. तेथील वृत्तपत्रांचे बडे मालक आसिस शातोब्रियाँ यांना साओ पाउलोमध्ये एक मोठे कलासंग्रहालय उभारायचे होते. ते काम त्यांनी बार्दी यांच्यावर सोपवले. 1947 मध्ये त्यांच्याच वृत्तपत्राच्या इमारतीत संग्रहालय सुरू झाले आणि त्याची मांडणी लीनाबाईंनी केली. त्या परक्या देशात रमल्या. 1951 मध्ये त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व घेतले.

आता त्या शहराविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. साओ पाउलो हे कॉफीच्या पैशावर वाढलेले शहर. पुढे तेथे गिरण्या आणि कारखाने आले. 1920 मध्ये शहराची वस्ती सुमारे पावणेसहा लाख होती. 1950 मध्ये ती जवळजवळ बावीस लाख झाली आणि 1980 मध्ये पंचाऐंशी लाखांच्या घरात गेली. शहर असे फुगत चालले, तसे श्रीमंत लोक गर्दीपासून दूर सरकत गेले. आधी त्यांनी 1891 मध्ये उघडलेल्या पाउलिस्टा या रुंद रस्त्यावर वाडे बांधले. नंतर एका इंग्रजी कंपनीने उद्यानासारखी आखलेली जार्दिम अमेरिका ही वस्ती झाली. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची नजर पिन्येइरोस नदी ओलांडून पलीकडच्या मोरुंबीच्या टेकड्यांवर गेली.

मोरुंबी हा मूळचा जमीनदारी मळा. एकोणिसाव्या शतकात तेथे चहाची लागवड झाली होती. मळ्यातले जुने घर आणि त्याची छोटी प्रार्थनाशाळा हीच काय ती तेथली जुनी बांधकामे. बाकी सारे रान. त्या रानात लहान हरणे, आर्माडिलो, स्लॉथ असे प्राणी अजून हिंडत होते. मळ्याचे तुकडे पाडून मोठमोठे भूखंड विकायला काढले गेले. भूखंड एवढे मोठे, की ते घेणे सामान्य माणसाच्या स्वप्नातही येऊ नये. वस्तीचे रूप घरे बांधण्याआधी, भूखंड आखतानाच ठरून गेले होते.

या नव्या वस्तीत अगदी सुरुवातीला जी घरे झाली, त्यांतले एक लीनाबाईंचे. सुमारे सात हजार चौरस मीटरची जागा त्यांनी घेतली आणि 1951 मध्ये घर पुरे केले. लीनाबाईंच्या स्वतःच्या आराखड्यातून उभी राहिलेली ही पहिलीच इमारत. पुढचा दिवाणखाना पोलादी नळ्यांच्या बारीक खांबांवर अधांतरी उभा आहे. खालून एक हलकासा जिना वर जातो. दिवाणखान्याच्या मधोमध चौक ठेवला आहे आणि खालच्या जमिनीतले झाड त्या चौकातून वर आले आहे. झाड तोडण्याऐवजी घराला भोक पाडले, ही गोष्ट आमच्या अण्णांनासुद्धा फार आवडली. भोवती कुंपण अंगावर येत नव्हते. काचेतून थेट रान आणि दूरवर शहर दिसे. लोक त्या घराला काचेचे घर म्हणू लागले आणि तेच त्याचे नाव झाले.

पण घराच्या मागच्या अर्ध्या भागात जाड भिंती आहेत. तेथे निजण्याच्या खोल्या, मग उघडा चौक, आणि चौकाच्या पलीकडे नोकरांच्या खोल्या. दोहोंना जोडणारे एकच स्थान, ते म्हणजे स्वयंपाकघर. लीनाबाई स्वभावाने समतावादी होत्या, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावरून दिसते. तरीही घर बांधताना त्यांनी आपल्या काळाची आणि आपल्या वस्तीची रीत पाळली. मोठ्या माणसांचे चरित्र लिहिताना अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती बरोबर वाटत नाही. ही गोष्ट गाळली, तर पुढे त्यांच्यात जो बदल झाला त्याची किंमतच कळणार नाही.

तो बदल बाहियामध्ये झाला. बाहिया हा ब्राझीलच्या ईशान्येकडचा प्रांत. गरीब, दुष्काळी टापूला लागलेला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा. 1958 मध्ये लीनाबाई तेथील साल्वादोर शहरी शिकवण्यास गेल्या आणि मग तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. समुद्रकाठच्या सोलार दो उन्याओ नावाच्या जुन्या वाड्याची त्यांनी डागडुजी केली. त्यात त्यांनी लाकडी जिना बसवला. त्याचे सांधे बैलगाडीच्या सांध्यांसारखे खुंट्या मारून जोडलेले आहेत. एकही खिळा नाही.

त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी खेड्यापाड्यांतून, बाजारांतून गोळा केलेल्या वस्तू. तेलाच्या डब्यापासून केलेले पेले, जळून गेलेल्या विजेच्या दिव्यापासून केलेली चिमणी, चिंध्या जोडून शिवलेल्या गोधड्या, मातीची भांडी. या वस्तू त्यांनी 1963 मध्ये संग्रहालयात मानाने मांडल्या. आमच्या घरी गोधडी आईच शिवते, पण ती संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते. लीनाबाई या वस्तूंना गमतीच्या म्हणून पाहत नव्हत्या. जवळ काहीच नसताना माणूस हाताने आणि अकलेने काय करू शकतो, याचा तो पुरावा आहे, असे त्यांचे मत होते.

1964 मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. लीनाबाईंना साल्वादोर सोडावे लागले. त्याच वस्तूंचे प्रदर्शन 1965 मध्ये रोमला भरायचे होते, पण ब्राझीलच्या सरकारने ते उघडूच दिले नाही. आपल्या देशाची गरिबी परदेशात दिसू नये, असे सत्ताधाऱ्यांना वाटले असावे. लीनाबाई मोरुंबीला परतल्या.

पण दरम्यान मोरुंबी बदलत होते. 1960 मध्ये तेथे फुटबॉलचे प्रचंड क्रीडांगण सुरू झाले. त्याच दशकात राज्याच्या राज्यपालांचे सरकारी निवासस्थान आणि कचेरी तेथे आली. 1971 मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावाचे मोठे रुग्णालय निघाले. रस्ते झाले, पूल झाले, जमिनीचे भाव चढले. तलाव-बागांचे बंगले उठले आणि पुढे उंच इमारतींची रांग लागली. रान मागे हटले.

हे सर्व बांधले कोणी? या प्रश्नाचे उत्तर मोरुंबीला लागूनच आहे. तेथे 1921 मध्ये मळ्याचा एक मोठा भाग दोन हजारांहून अधिक भूखंडांत आखला गेला होता. पण रस्ते, पाणी, गटारे काहीच आले नाही आणि अनेक मालक तिकडे फिरकलेच नाहीत. त्या ओसाड भूखंडांवर 1950 नंतर झोपड्या पडू लागल्या. त्यांत राहायला आले ते बहुतांशी ईशान्येकडचे लोक, म्हणजे बाहिया आणि त्याच्या शेजारच्या प्रांतांतले. दुष्काळाने हाकललेली ही माणसे मालमोटारीत आडव्या फळ्यांवर बसून कित्येक दिवसांचा प्रवास करून येत. पुरुष बांधकामावर जात, बाया बंगल्यांतून धुणीभांडी करीत. या झोपडपट्टीचे नाव पाराइझोपोलिस, म्हणजे स्वर्गनगरी! 2022 च्या जनगणनेत तेथे अठ्ठावन्न हजारांवर लोक होते. ब्राझीलमधल्या सर्वांत मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी ती एक आहे.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. ज्या लोकांच्या हातांचे कौशल्य पाहायला लीनाबाई हजारावर मैल दूर गेल्या, तेच लोक आपले हात घेऊन त्यांच्या दारापाशी येऊन राहत होते. साल्वादोरच्या संग्रहालयात त्यांचा पेला मानाने मांडला गेला. मोरुंबीत मात्र तो पेला करणाऱ्यासाठी मागचे दार होते.

लीनाबाईंनी मोरुंबीचे रूप बदलले नाही. ते एकट्या माणसाच्या हातचे नव्हतेही. पण त्यांनी शहरात दुसरीकडे जे बांधले, ते पाहिले की वाटते, आपल्या वस्तीला त्यांनी बाहेर राहून उत्तर दिले. पाउलिस्टा रस्त्यावर संग्रहालयाची नवी इमारत बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. ती 7 नोव्हेंबर 1968 रोजी उघडली. समारंभाला इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ हजर होत्या. त्या जागेवरून शहराचे दृश्य दिसत असे आणि ते झाकले जाऊ नये, अशी अट होती. लीनाबाईंनी सबंध इमारतच चार खांबांवर आठ मीटर उंच उचलून धरली. खाली सत्तर मीटरहून अधिक लांबीची जागा एकाही खांबावाचून मोकळी राहिली. फिगेरेदो फेराझ या अभियंत्यांनी त्याचे गणित सोडवले. अण्णांना मी हा आकडा सांगितला, तर त्यांचा विश्वास बसेना. मधे एकही खांब नाही हे त्यांनी मला तीनदा विचारून घेतले.

एवढी मोठी जागा शहरातल्या एका महागड्या रस्त्यावर मोकळी सोडायची, म्हणजे बिल्डराच्या हिशेबाने निव्वळ वेडेपणा! पण आज तेथे मोर्चे येतात, बाजार भरतो, पोरे खेळतात, दमलेली माणसे सावलीला बसतात. तेथे फाटक नाही. आणि ज्या रस्त्यावर एके काळी कॉफीवाल्यांचे वाडे होते, तो हा रस्ता.

दुसरे उत्तर पोम्पेया भागातले. तेथे पिंपे बनवण्याचा एक जुना बंद कारखाना होता. दुकानांत काम करणाऱ्यांसाठी चालवलेल्या एका संस्थेला तेथे करमणुकीचे केंद्र करायचे होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लीनाबाई जागा पाहायला गेल्या, तर कारखान्याच्या ओसाड आवारात मुले चेंडू खेळत होती आणि कुटुंबे डबे घेऊन आली होती. त्यांनी ठरवले, की कारखाना पाडायचा नाही. विटांच्या भिंती तशाच ठेवायच्या आणि जे आधीच सुरू आहे त्याला छप्पर द्यायचे. त्यांनी आपली कचेरी कामाच्या जागेवरच थाटली. नकाशे तेथेच होत, मजूर आणि मिस्त्री यांच्याशी बोलून बदलत. केंद्र 1982 मध्ये सुरू झाले आणि खेळांची उंच काँक्रीट इमारत 1986 मध्ये पुरी झाली. तेथे वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलेच्या कार्यशाळा आणि भोजनगृह आहे. सभागृहाच्या फरशीतून पाण्याचा एक वाकडातिकडा ओहोळ नेला आहे. त्याला ईशान्येकडच्या साओ फ्रान्सिस्को नदीची आठवण आहे. नदीचा मुलूख सोडून आलेल्या लोकांना ती खूण सांगावी लागत नसेल! खेळाच्या इमारतीच्या खिडक्यांना काच मुळीच नाही. भिंतींना नुसती ओबडधोबड भोके आहेत आणि वारा आरपार वाहतो. काचेच्या घरापासून लीनाबाई केवढ्या लांब आल्या होत्या!

मोरुंबी मात्र उलट दिशेने चालले होते. 1980 नंतर शहरात गुन्ह्यांची धास्ती वाढली, तशा तेथल्या भिंती उंच झाल्या. भिंतीवर विजेची तार, फाटकावर पहारेकरी, आत स्वतंत्र बाग, दुकाने आणि पोहण्याचे तलाव असलेली गृहसंकुले झाली. तेरेसा काल्देइरा या मानवशास्त्रज्ञ बाईंनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साओ पाउलोला भिंतींचे शहर म्हटले, आणि त्यात मोरुंबीचे उदाहरण ठळकपणे दिले. 2004 मध्ये तूका विएरा या छायाचित्रकाराने टिपलेले एक चित्र जगभर गेले. त्यात डावीकडे पाराइझोपोलिसची उघड्या विटांची घरे दाटीने उभी आहेत. उजवीकडे एक उंच इमारत असून तिच्या प्रत्येक सज्जात पोहण्याचा तलाव आहे. मधे फक्त एक भिंत. ही इमारत उभारणाऱ्यांपैकी किती जण त्या भिंतीच्या डावीकडे राहत असतील, असे चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येत असावे.

या सगळ्या बदलांत लीनाबाईंचे घर जेथे होते तेथेच राहिले. त्यांनी भोवती झाडे लावली आणि ती इतकी वाढली, की आता घर झाडीत बुडून गेले आहे. ज्या काचेतून पूर्वी शहर दिसे, तिच्यातून आता पाने दिसतात. शेजारचे रान गेले, पण त्यांच्या आवारात ते टिकले. 1987 मध्ये राज्य सरकारने घर आणि आवार जतन करण्याच्या यादीत घातले. 1990 मध्ये पतिपत्नींनी आपल्या संग्रहासाठी संस्था स्थापन केली. तिचे ठिकाण आता याच घरात आहे. 20 मार्च 1992 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, लीनाबाईंनी त्याच काचेच्या घरात देह ठेवला. जिवंतपणी त्यांना फार थोडी कामे मिळाली. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, 2021 मध्ये, व्हेनिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह देण्यात आला.

मी वास्तुकलेची विद्यार्थिनी नाही. माझे विषय समाजशास्त्र आणि मराठी. पण हे चरित्र वाचून मला एक गोष्ट कळली. वस्ती श्रीमंत होते, तेव्हा ती नुसती सुंदर होत नाही; तिला पुढची आणि मागची बाजू फुटते. पुढच्या बाजूचे फोटो पुस्तकात येतात. मागची बाजू नकाशात असते, पण ती वाचायला तिथे काम केलेला डोळा लागतो. लीनाबाई पुढच्या बाजूला जन्मल्या, शिकल्या, राहिल्या. आणि तरीही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाहियाला जाऊन मागची बाजू पाहायला शिकल्या. त्यांचे मोठेपण मला काचेच्या घरात तितके दिसत नाही, जितके या शिकण्यात दिसते.

मी मागच्या बाजूने आले आहे. उद्या मी पदवी घेईन, नोकरी करीन, कदाचित एखाद्या बऱ्या वस्तीत घरही घेईन. तेव्हा नकाशा वाचताना मला मागच्या खोल्या दिसतील का? की तोपर्यंत मीही फक्त पुढची काचच पाहायला शिकलेली असेन? या प्रश्नाची मला खरोखर भीती वाटते, म्हणून तो माझ्या सहाध्यायांसमोर आणि गुरुजनांसमोर ठेवत आहे.

पुस्तक परत करण्याआधी त्या घराचा नकाशा मी पातळ कागदावर गिरवून घेतला. एवढ्या बारीक खांबांवर स्लॅब कसा पेलला, याचा उलगडा अण्णांना अजून झालेला नाही. तो कागद त्यांनी घडी घालून आपल्या थापी-ओळंब्याच्या पिशवीत ठेवला आहे आणि जेवणाच्या सुटीत ते तो कामावरच्या लोकांना उघडून दाखवतात.